दुसऱ्यांदा घेतलेलं नाव

"ओव्हाळ सर कधी गेले हो?" सर्जेराव मास्तरांनी विचारलं, तेव्हा मी बीडच्या बसस्थानकासमोर चहाचा पहिला घोट घेत होतो. रस्त्याच्या कडेला पाण्याच्या टँकरची रांग लागली होती, आणि एक बाई गळणाऱ्या नळाखाली चिमुकला डबा धरून उभी होती, हे मला अजून दिसतं. धर्मराज गेला? खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला हलकं वाटलं. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं. एक क्षणभरच, पण वाटलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस मी, दोन मुलांचा बाप, डोळ्याला जाड चष्मा, आणि शाळेपासूनच्या मित्राच्या मरणाची बातमी ऐकून मला चहा गोड लागला. मग लाज वाटली, आणि मग मी विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?" मास्तर म्हणाले, "कुणी म्हंजे? तुमच्याच कारखान्याच्या अहवालात छापलंय की. काल पोस्टानं आला. पयल्याच पानावर हाय. लई वाईट झालं बगा, एवढं बक्षीस मिळालं अन् भोगायला न्हाई राहिला." मास्तरांनी आम्हा दोघांनाही चौथीत शिकवलेलं. धर्मराजला ते आता ओव्हाळ सर म्हणतात, मला अजून शहादेवच. मी कप तसाच ठेवला आणि राधाकिशनच्या छापखान्याची वाट धरली.

अहवाल मी लिहितो. आमच्या साखर कारखान्यात प्रसिद्धी विभाग आहे, आणि विभाग म्हणजे मी आणि एक लोखंडी कपाट. चेअरमनसाहेबांची भाषणं, पाहुण्यांची मानपत्रं, गळीत हंगामाच्या शुभेच्छा, सगळं माझ्या हातचं. माझे तीन कथासंग्रह निघाले, तिन्ही मिळून आठशे प्रती खपल्या नसतील. पण वार्षिक अहवालाच्या दहा हजार प्रती निघतात आणि गावोगाव सभासदांच्या घरी जातात. म्हणजे माझं सगळ्यात जास्त वाचलेलं साहित्य कुठलं, तर दुखवट्याचा ठराव. या अहवालाची तऱ्हा अशी, की नव्यानं तो कुणीच लिहीत नाही. गेल्या वर्षीची छापील प्रत घ्यायची, लाल शाईनं जुनी नावं खोडायची, वर नवी लिहायची आणि राधाकिशनला द्यायची. डाव्या पानावर दुखवटा, उजव्या पानावर अभिनंदन. डावीकडं वारलेले, उजवीकडं पास झालेले, निवडून आलेले, बक्षीस मिळालेले. यंदा धर्मराजच्या कादंबरीला राज्याचा पुरस्कार मिळाला. कार्यक्षेत्रातला माणूस, म्हणून त्याचं नाव उजवीकडं जायचं होतं. तेच डावीकडं गेलं, एवढीच चूक. घाईत होते अशी चूक, असं मी रस्ताभर स्वतःला समजावत होतो.

राधाकिशननं माझी लाल शाईची प्रत शोधून काढली. "तुमचंच अक्षर हाय साहेब. आमी आपलं जसंच्या तसं घेतलं. अन् प्रूफ बी तुमीच दोनदा बघितलं." मी प्रत हातात घेतली. गेल्या वर्षी एक भारुडकार वारले होते, त्यांचं नाव मी खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, साहित्यिक धर्मराज ओव्हाळ. इथपर्यंत घाई म्हणता आली असती. पण भारुडकारांच्या नावामागं छापलेला 'कै.' सुद्धा मी खोडला होता, आणि त्या जागी स्वच्छ अक्षरात 'कालकथित' लिहिलं होतं. बौद्ध माणूस वारला की त्याला कैलासवासी म्हणत नाहीत, कालकथित म्हणतात. दरवर्षी मी हे न चुकता पाळतो, त्यात माझा हात बसलेला आहे. म्हणजे हात डुलकी घेत नव्हता. हाताला ठाऊक होतं, कोण मेला आहे आणि त्याला काय म्हणायचं. राधाकिशननं पंखा लावला, पाणी पुढं केलं. मी पाणी प्यायलो नाही. प्रत तेवढी घडी करून खिशात घातली.

जळतो मी त्याच्यावर. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण आता पन्नाशी दारात आल्यावर स्वतःपासून तरी काय लपवायचं? केस गेले, दाढा गेल्या, गुडघा जिना चढू देत नाही. म्हातारपण आलं की रागलोभ निवतात म्हणतात. कुणाचे निवत असतील ते असोत. माझं इतर सगळं वाळत चाललंय आणि ही एक जळजळ तेवढी हिरवी आहे. पुरस्काराचं मला वाटत नाही. म्हणजे वाटतं, नाकाला मिरच्या झोंबायच्या तेवढ्या झोंबल्या, पण ते चार दिवसांचं. त्याची औरंगाबादची प्राध्यापकी, त्याच्या पुस्तकावर होणारी चर्चासत्रं, हेही एक वेळ पचवलं असतं. मला पचत नाही ती त्या कादंबरीतली अकरा पानं. त्या अकरा पानांत माझी आई आहे.

बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं मॅट्रिक होऊन बसलो होतो. वडवणीकडच्या डोंगराच्या पायथ्याला पाझर तलावाचं काम निघालं आणि अख्खं गाव तिथं खडी फोडायला गेलं. मालकाची बायको आणि सालगड्याची बायको शेजारी बसून एकच दगड फोडत होत्या, असा तो दुष्काळ होता. हजेरी घ्यायला लिहिता-वाचता येणारा पोरगा पाहिजे होता. मार्क धर्मराजला जास्त होते, अक्षरही त्याचंच चांगलं. पण माझ्या मामाची इंजिनिअरशी ओळख होती, आणि बौद्धवाड्यातल्या पोरानं सावलीत बसून गावाची हजेरी घ्यायची, हे गावाच्या घशाखाली उतरणारं नव्हतं. मस्टर माझ्या हातात आलं. लिंबाच्या झाडाखाली एक खुर्ची आली. धर्मराजच्या हातात हातोडा आला, आणि त्याला जागा मिळाली माझ्या मायच्या शेजारची. सात महिने मी सावलीत होतो आणि तो तिच्यापाशी होता. तेव्हा मला वाटलं, मी जिंकलो.

माय घरी कधी बोलायची नाही. तात्याबा, म्हणजे माझे वडील, बोलू द्यायचे नाहीत, आणि मीही कुठं विचारायचो? भाकरी वाढ, पाणी दे, एवढंच आमचं बोलणं. मला ती आठवते ती पाठमोरी, चुलीकडं तोंड केलेली. तिच्या हाताला दगडाच्या कपच्या लागून भेगा पडलेल्या, त्यात ती रात्री गोडं तेल भरायची, हे मला आठवतं, पण तेव्हा ती काय म्हणायची ते आठवत नाही. एकोणनव्वद साली ती गेली. त्यानंतर मी तिच्यावर कथा लिहायला किमान वीसदा बसलो असेन. दरवेळी पाठ लिहून व्हायची, चूल लिहून व्हायची, आणि मग गाडं अडायचं. तिला तोंडच नव्हतं माझ्याकडं. आणि हा पठ्ठ्या! त्याच्या अकरा पानांत ती बोलते. पोरीबाळींची चेष्टा करते, मुकादमाची नक्कल करते, मजुरांना खायला वाटलेल्या सुकडीच्या भरड्याची पिशवी बघून म्हणते, "सरकारनं आपल्याला कोंबड्याच समजलंय का गं?" हे वाचून मी हसलो, आणि हसताना मला कळलं की आई विनोदी होती हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी छापील पुस्तकातून कळतंय. तिनं पहिले चार महिने त्याला वरून ओंजळीत पाणी वाढलं, तेही त्यानं लपवलेलं नाही. आणि मग एका दुपारी तिनं तांब्याच त्याच्यापुढं केला आणि म्हणाली, "धर बाबा, कुठवर वाकू मी?" मी पन्नास पावलांवर खुर्चीत बसलो होतो. मी कुठं बघत होतो देव जाणे.

आमच्या घरात ते पुस्तक पहिल्यांदा बायकोनं वाचलं. छबूनं माझा एकही संग्रह अर्पणपत्रिकेच्या पुढं वाचलेला नाही, आणि पहिल्या संग्रहाची अर्पणपत्रिका तिच्याच नावाची आहे. पण धर्मराजचं पुस्तक तिनं ओट्याला टेकून उभ्या उभ्या वाचलं, भात करपवला, आणि पदरानं डोळे पुसत बाहेर येऊन म्हणाली, "अहो, आत्याबाई अशाच होत्या. अगदी अशाच बोलायच्या." म्हणजे तिच्याशीही बोलायची! सुनेशी बोलायची, धर्मराजशी बोलायची, राहिलो कोण? मी म्हटलं, "कादंबरी आहे ती, बनवून लिहितात." छबू म्हणाली, "मग तुमी कावून न्हाई बनवलं?" पंधरा दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. तिला वाटलं कारखान्यात ऊस नाही म्हणून मी काळजीत आहे.

खरी जखम मात्र त्या अकरांतल्या नवव्या पानावर आहे. तिथवर सहन केलं असतं. सकाळी मी मस्टर उघडून नावं पुकारायचो. धर्मराज लक्ष्मण. "हाय." जाईबाई कारभारी. "हाय." केशरबाई तात्याबा. काहीच नाही. केशरबाई तात्याबा! मग कुठून तरी सावकाश, "हाय." रोज हेच. सहा महिन्यांत एकदाही तिनं पहिल्या हाकेला ओ दिली नाही. सगळी रांग खोळंबायची, मुकादम माझ्याकडं बघायचा, मला वाटायचं ही मुद्दाम माझी इज्जत घालवते. एक दिवस माझं डोकंच फिरलं. सगळ्या गावादेखत मी ओरडलो, "कान फुटले का तुझे?" त्या दिवसापासून तिनं पहिल्या हाकेला 'हाय' म्हणायला सुरुवात केली, आणि मला बरं वाटलं. आता नवव्या पानावर काय आहे, तर धर्मराज तिला विचारतो, मावशे, तू उशिरा कावून बोलतीस? आणि ती म्हणते, "लेकरू मायचं नाव कधी घेतंय का? सगळ्या जन्मात कुणी माजं नाव घेतलं न्हाई. नवरा अगं म्हणतो, लेक माय म्हणतो. हितं रोज सकाळी माजं लेकरू माजं नाव घेतंय, किती झ्याक घेतंय. गप बसलं की अजून एकदा घेतंय."

हे तिनं त्याला सांगितलं. मला नाही. मी ते पान किती वेळा वाचलं याचा हिशेब नाही, आणि दरवेळी मला रडू यायच्या आधी राग येतो. त्याच्यावर राग येतो. हे माझं होतं. चांगलं असो वाईट असो, ती ओरडणारी जीभ माझी होती, ते नाव माझ्या तोंडून निघत होतं. यानं शेजारी बसून ऐकलं, तीस वर्षं जपून ठेवलं आणि लिहून टाकलं. आणि इतकं चांगलं लिहिलं की आता मला काही बाकीच ठेवलं नाही. त्यानं वाईट लिहिलं असतं ना, तर मी त्याला मिठी मारली असती.

चेअरमन विठ्ठलरावांनी मला बंगल्यावर बोलावलं. यंदा कारखान्याचा बॉयलर पेटतो की नाही याचीच बोंब होती. अर्ध्याहून जास्त ऊस चारा छावण्यांत जनावरांच्या तोंडी गेला होता, त्यामुळं ते आधीच तापलेले. "शहादेव, काय करून ठेवलं बे? शनिवारी सभा हाय. त्याला सत्काराला बोलावलंय मी, अन् तू त्याला तिरडीवर चढवून मोकळा!" मी म्हटलं, नजरचूक झाली साहेब. ते माझ्याकडं बघत राहिले. राजकारणातला माणूस, त्याला नजरचूक कोणती आणि नजर कोणती हे कळतं. पण ते एवढंच म्हणाले, "आता छापलं ते छापलं. दुखवटा तूच वाचणार हाईस ना? वाचताना तेवढं नाव गाळ. पुढं अभिनंदनात घे. कुणाच्या ध्यानात बी येत न्हाई." मी मान हलवली. घरी येऊन औरंगाबादला फोन लावायला बसलो. दोनदा नंबर फिरवला, दोनदा घंटा वाजली, दोनदा मी ठेवून दिला. तिकडून त्यानं उचललं असतं तर काय म्हणणार होतो? चुकून तुला मारलं, असं म्हणायला ते चुकून झालेलं पाहिजे ना. शनिवारपर्यंतचे चार दिवस मी खिशातली ती लाल शाईची घडी चाचपत हिंडलो. आरशात दाढी करताना वाटायचं, हा जो समोर आहे त्याचं नाव डावीकडं गेलं असतं तर कुणी थांबून विचारलं असतं का, कधी गेले हो?

सभा कारखान्याच्या पटांगणात, कनातीखाली. ऊन असं की कापडातून गळत होतं. व्यासपीठावर धर्मराजची खुर्ची रिकामी होती. त्याची गाडी गेवराईच्या पुढं बिघडली असा निरोप आला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. सूचना वाचून झाली, मी माइकपाशी गेलो, सगळे उभे राहिले. इतकी वर्षं मी हा ठराव वाचतोय, आवाज आपोआप खाली जातो. कै. अमुक, कै. तमुक, पंचवीस-तीस नावं. दहाव्या-अकराव्या नावाला मी चष्म्यावरून समोर पाहिलं आणि तो दिसला. अगदी मागं, चपलांच्या ढिगाजवळ, लोकांत उभा. आताच आला असावा, घामानं सदरा चिकटलेला. केस पांढरेफटक झालेले. किती म्हातारा दिसत होता तो! माझ्याच एवढा. हातात अहवाल होता, उघडलेला.

पुढचं नाव त्याचंच होतं. गाळायचं होतं, ठरलं होतं, पुढच्या नावावर बोटही ठेवलं होतं. पण मला ते नाव घ्यायचं होतं. हे मी कुठल्याही देवासमोर कबूल करीन. एकदा तरी, सगळं गाव मान खाली घालून उभं असताना, मोठ्यांदा. "कालकथित धर्मराज ओव्हाळ," मी म्हणालो. आणि का कुणास ठाऊक, पुढचं नाव तोंडातून निघेना. मी थांबलो. मस्टरवर थांबायचो तसा. विठ्ठलराव मागून खाकरले. पुढच्या रांगेतले सर्जेराव मास्तर मागं वळून बघायला लागले, त्यांच्याबरोबर आणखी चार माना वळल्या. धर्मराज गप्प. तोंडावर ना राग ना हसू, नुसता माझ्याकडं बघत उभा. पटांगणात कनात फडफडल्याचा आवाज तेवढा होता. आणि मी पुन्हा म्हणालो, आता कालकथित वगैरे नाही, तेव्हाच्यासारखं, "धर्मराज लक्ष्मण!"

"हाय!"

असा हशा पिकला म्हणता! दुखवट्यात उभी असलेली हजार माणसं पोट धरून हसायला लागली, विठ्ठलरावांनी कपाळाला हात लावला आणि तेही हसले, कुणीतरी ओरडलं, "सर, लई दिवस जगताव आता!" मला एकट्यालाच हसू आलं नाही. कारण तो उशिरा का बोलला, ते त्या हजारांत मला एकट्याला ठाऊक होतं. त्याचं नाव मी रोज पुकारायचो आणि तो रोज पहिल्या हाकेला ओ द्यायचा. ही दुसऱ्या हाकेची सवय त्याची नव्हती. तिची होती. तीही त्यानंच सांभाळली होती. मेल्यानं माझ्या तोंडावर आणून ठेवली ती, सगळ्या गावादेखत, आणि मला कळेना की हा मला माफ करतोय की मारतोय.

हशा विरला. मी राहिलेली नावं वाचली. यादी संपली, दोन मिनिटं शांत उभं राहायचं होतं, आणि माझं तोंड माइकपाशीच राहिलं. माय गेली त्या वर्षीचा दुखवटा मीच लिहिला होता. तिचं नाव त्यात नव्हतं, कारण शेअर वडिलांच्या नावावर होता, ती सभासद नव्हती. नियमानं बरोबरच होतं. मी म्हणालो, "केशरबाई तात्याबा." यादीत हे नाव कुठं आहे म्हणून चार लोकांनी कागद चाळले. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या.

जेवणाच्या मांडवात तो हातात ताट घेऊन माझ्याजवळ आला. त्याच्या ताटात गोड काही नव्हतं, मधुमेह झालाय म्हणाला. आम्ही दोघं खांबाला टेकून भात कालवत उभे राहिलो. मी माफी मागणार होतो, शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "बाकी काही असो शहादेव, कालकथित लिहायला चुकला न्हाईस." मी मान वर केली नाही. "घाईत झालं," म्हणालो. "हो ना," तो म्हणाला, "घाईतच झालं आसंल." वरणाची वाटी रिकामी करून त्यानं विचारलं, "मावशीचं नाव एकदाच घेतलंस. दुसऱ्यांदा कावून न्हाई घेतलं?"

मला दिसलं, त्याचे डोळे बारीक झाले होते. ऐकायला थांबला होता तो, हातोडा बाजूला ठेवून बसावा तसा. हेही तो नेईल, मला वाटलं. घरी जाईल, लिहील, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहील.

"घेतलं," मी म्हणालो. "मनात."

"कितीदा?"

ते मी त्याला सांगितलं नाही. भात घ्यायला पुढं गेलो.